बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही

एप्रिल १९७३. बिदर जिल्ह्यातला औराद तालुका. गेला पावसाळा कोरडाच गेलाय, काळ्या रानाच्या भेगांत हात जातोय. तुम्ही दुष्काळी कामावर उभे आहात. खडी फोडणाऱ्या बायांत काहीजणी गुलबर्ग्याकडच्या. कलबुर्गी हे नाव यायला अजून एक्केचाळीस वर्षं आहेत. त्यातली पदरानं घाम पुसणारी, पाचवा महिना लागलेली बाई म्हणजे तुमची आजी. ती तुमच्याकडं बघून विचारते, “पाणी हाय का वो?”

तिच्यासाठी तुम्ही परके. पण तिच्या पोटात तुमची आई आहे, आणि त्या इवल्या गर्भात बीजांडं तयार होताहेत. मुलीची बीजांडं जन्माआधीच घडतात. त्यातल्याच एकातून पुढं तुम्ही येणार. म्हणजे या उन्हात तुम्ही आधीपासूनच आहात.

भूक जनुकाची अक्षरं बदलत नाही, त्यांवर खुणा करते. मिथाइल नावाचे बारीक रेणू डीएनएला चिकटतात किंवा सुटतात, तशी जनुकं कमीजास्त चालतात. नेदरलँड्सच्या १९४४-४५च्या उपासमारीत ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या आयजीएफ-२ जनुकावर या खुणा साठ वर्षांनंतरही कमी सापडल्या. नातवंडांबाबत मी मात्र जपूनच बोलेन, कारण बीजं घडताना बहुतेक खुणा पुसल्या जातात. 

आता पुण्याला चला. १९९०च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाला जवळच्या खेड्यांतली बाळं वजनाला हलकी, अंगानं किरकोळ दिसली. चरबी मात्र त्या मानानं शाबूत. पुढं पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं, तरी इन्सुलिनच्या जनुकाभोवतीच्या खुणा सरळ झाल्या नाहीत. २०१५ साली हे छापून आलं.

मग आजीसाठी काय न्यावं? ताकाचा तांब्या न्याच, त्यात मिथाइलच्या खुणांसाठी लागणारं बी-१२ जीवनसत्त्व असतं. पण नेदरलँड्समधल्या त्या खुणा गर्भ राहण्याच्या सुमाराच्या होत्या, तेव्हा पाचवा महिना म्हणजे उशीरच. ती माहेरी, परकरात होती तेव्हाच्या सालात उतरायला हवं होतं. याज्ञिकांच्या गटानं २०१२ पासून तेच केलं: बी-१२ दिलं ते किशोरवयात, मूल होण्याच्या कितीतरी आधी. आणि मुलींबरोबर मुलांनाही.