बुरशीला बुरशीचा उतारा

सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाचा जोर ओसरू लागला, की पाणथळ जागी एक इवलीशी तांबूस वनस्पती दिसू लागते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब चकाकत असतात. म्हणून तिला दवबिंदू म्हणतात. दव समजून जो कीटक त्या पानावर बसतो, तो पुन्हा उठत नाही. मेघालयाच्या डोंगरांत वाढणारी घटपर्णी हेच काम सुरईसारख्या पोकळ पानाने करते. या वनस्पती शिकार करतात ती हौसेने नव्हे, तर दारिद्र्यापोटी. ज्या ओल्या, आम्ल भूमीत नत्र जवळजवळ नसते, तेथे त्या उगवतात. आणि मातीने जे नाकारले, ते कीटकांच्या देहांतून मिळवितात. परंतु कीटकांचा काळ ठरलेल्या या वनस्पती स्वतः एका राखी बुरशीपुढे हतबल होतात. त्या बुरशीवर दुसरी बुरशी सोडावी, हा विचार माणसाला सुचण्यास फार काळ लागला.

या कथेचा आरंभ 1794 सालात आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत जन्मलेला व लहानपणीच युरोपात आलेला क्रिस्तियान हेन्ड्रिक पर्सून हा त्या वेळी बुरश्यांचे वर्गीकरण करीत होता. द्राक्षाच्या घोसासारखे बीजाणू धरणाऱ्या एका राखी बुरशीला त्याने ‘बोट्रायटिस सिनेरिया’ हे नाव दिले. त्याच वर्षी, कुजक्या लाकडावर आढळणाऱ्या एका बुरशीच्या वंशाला त्याने ‘ट्रायकोडर्मा’ म्हटले; या वंशातील कित्येक बुरश्यांचे बीजाणू हिरवे असतात. पुढे पर्सून पॅरिसला गेला आणि दारिद्र्यात दिवस कंठीत 1836 साली वारला. एक बुरशी दुसरीचा घास घेऊ शकते, हे त्या नामकरणातून कळणे शक्य नव्हते. प्रत्येक नमुना वेगळा वाळवून वेगळ्या पुडीत ठेवण्याचा तो काळ होता, आणि पुडीत बांधलेले शत्रू एकमेकांशी लढत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात कीटकभक्षी वनस्पतींना अकस्मात मान मिळाला. 1845 साली ब्रिटनमध्ये काचेवरील कर उठला आणि काचगृहे वाढू लागली. डार्विनने 1860 च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या माळावर दवबिंदूची पाने न्याहाळली व त्या कुतूहलातून 1875 साली या वनस्पतींवर संपूर्ण ग्रंथ सिद्ध केला. त्याचा स्नेही जोसेफ हूकर याने त्याआधीच्या वर्षी बेलफास्टच्या विज्ञानपरिषदेत याच विषयावर भाषण केले होते. घटपर्णी बाळगणे ही श्रीमंतांची हौस झाली. परंतु मोकळ्या माळावर वाढणारी वनस्पती कोंडलेल्या दमट हवेत आणली, की राखी बुरशीला आयतेच घर सापडते. वाळलेल्या पानावर वा अर्धवट पचलेल्या कीटकावर ती प्रथम पाय रोवते आणि तेथून जिवंत कोंबात शिरते. हिवाळ्यात झाड निद्रिस्त असते, तेव्हा हा घाला विशेषेकरून पडतो.

त्यावर उपाय तरी कोणता होता? 1885 साली फ्रान्समध्ये मिलार्दे याने मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण द्राक्षवेलींसाठी प्रसिद्ध केले आणि शेतीला मोठे शस्त्र मिळाले. परंतु जे ताम्र द्राक्षवेलीला तारते, तेच कीटकभक्षी वनस्पतींना व त्यांच्या मुळांशी असलेल्या स्फॅग्नम शेवाळाला बाधते. रोगाबरोबर रोगीही जावा, असा तो प्रकार होता.

खरी वाट सापडली ती कॅलिफोर्नियात, आणि तीही लिंबूवर्गीय झाडांच्या रोपवाटिकेतील रोगाचा शोध घेताना. रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीमुळे तेथे कोवळी रोपे जमिनीलगत कुजून आडवी होत. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने रोगकारक बुरशी व ट्रायकोडर्मा यांना एकाच बशीत एकत्र वाढविले. ट्रायकोडर्माचे तंतू शत्रूच्या तंतूंभोवती वेटोळी घालतात व त्यांचा जीव घेतात, हे त्याने 1932 साली प्रसिद्ध केले. पर्सूनच्या नामकरणानंतर 138 वर्षांनी त्या पुड्या जणू उघडल्या! पुढे 1936 साली त्याने व एमर्सनने त्या बुरशीतून ‘ग्लायोटॉक्सिन’ हे विषारी द्रव्य वेगळे काढले. माती आम्ल केली तर रोपांची कूज आवरते, असेही त्याच वर्षी वाइंडलिंग व फॉसेट यांनी दाखविले. आम्लता ट्रायकोडर्माला मानवते. आणि कीटकभक्षी वनस्पतींचे माहेर तर आम्ल भूमीतच असते. लिंबाच्या रोपांसाठी लागलेला हा शोध या दूरच्या वनस्पतींना पुढे उपयोगी पडावा, याचे एक कारण येथे आहे.

तथापि हा शोध बराच काळ अडगळीत राहिला. वाइंडलिंगने आपल्या बुरशीला जे नाव दिले होते तेच चुकीचे होते, असे 1964 साली ब्रिटनमधील संशोधनातून दिसून आले. आणि 1969 साली इंडोनेशियाचे मिएन रिफाई यांनी या वंशाची नऊ गटांत नवी मांडणी केली, तेव्हा कोठे त्या गोंधळाला आळा बसला. दरम्यान दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक बुरशीनाशके मुबलक झाली होती. स्वस्त औषध हाताशी असता जिवंत रक्षकाची आठवण कोण ठेवतो? परंतु 1971 साली हॉलंडमध्ये काचगृहातील सायक्लामेनच्या फुलझाडांवर अशी राखी बुरशी आढळली, की जिला बेनोमिल या नव्या औषधाची भीती उरली नव्हती. त्यानंतर 1977 साली ट्रॉन्समो व डेनिस यांनी स्ट्रॉबेरीच्या फळकुजीवर ट्रायकोडर्माचा प्रयोग प्रसिद्ध केला. इस्राएलमध्ये यिगाल इलाद व त्यांचे सहकारी यांनी राखी बुरशीविरुद्ध ट्रायकोडर्माचा एक वाण सिद्ध केला आणि 1990 च्या दशकात तो बाजारात आला.

फळबागांतील हीच विद्या कीटकभक्षी वनस्पती जोपासणाऱ्यांनी आपल्या कुंड्यांत आणली. नवी कुंडी भरताना किंवा हिवाळ्यापूर्वी ते ट्रायकोडर्माचे बीजाणू पाण्यात मिसळून मुळांशी व पानांवर शिंपतात. ही बुरशी चार परींनी राखण करते: शत्रूच्या आधी जागा व अन्न बळकावते, विषारी द्रव्ये सोडते, शत्रूच्या तंतूंना खाते आणि वनस्पतीच्या अंगची प्रतिकारशक्ती जागी करते. मात्र तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नसावी. कुजलेला कोंब ती पुन्हा हिरवा करीत नाही. कडाक्याच्या थंडीत ती मंदावते. आणि तिच्यामागोमाग रासायनिक बुरशीनाशक फवारले, तर रक्षकच मारला जातो. शिवाय ती सर्वांचीच मित्र नव्हे. 1980 च्या दशकात आयर्लंड व ब्रिटनमधील अळिंबीची शेती ट्रायकोडर्माच्याच एका प्रकाराने उद्ध्वस्त केली होती. अळिंबीही बुरशीच, तेव्हा भक्षकाने आपला धर्म सोडला नाही, इतकेच. खेळती हवा, वाळलेली पाने वेळीच काढणे व स्वच्छ पाणी यांची जागा कोणतीही बुरशी घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील शेतकरी पेरणीपूर्वी हरभऱ्याच्या बियाण्याला जी हिरवट भुकटी चोळतो, ती याच ट्रायकोडर्माची. मर रोग दिसल्यावर नव्हे, तर बी मातीत पडण्याआधी तो ती चोळतो. हरभऱ्याच्या शेतात काय किंवा घटपर्णीच्या कुंडीत काय, या उपायाचे सारे बळ त्या आधीपणात आहे. शत्रू वेशीत शिरल्यावर नेमलेला पहारेकरी फारसा उपयोगी पडत नाही. आणि ज्याने वेळेवर पहारा दिला, त्याच्या कामाची खूण एवढीच, की झाडाला काही झाले नाही.