पटकी, पेशी आणि जलसंजीवनी

पटकी या रोगाचा इतिहास बहुधा साथींचा, यात्रांचा आणि दूषित पाण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु रोगी ज्यामुळे दगावतो ते कारण लहान आतड्याच्या अस्तरात, एकमेकींना चिकटून असलेल्या पेशींच्या एका पातळ थरात असते, आणि त्या थरातून मीठ व पाणी कोणत्या दिशेने जाते हे उमगेपर्यंत या रोगावरचा उपचार चाचपडतच राहिला. तीव्र पटकीत शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत द्रव बाहेर पडू शकतो. रक्त घट्ट होते, डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, नाडी हाताला लागेनाशी होते आणि उपचार न मिळाल्यास काही तासांतच मृत्यू ओढवतो. असा रोगी पाण्यासाठी तळमळत असतो, आणि त्याला पाणी देऊ नये अशीच रूढी दीर्घकाळ अनेक देशांत होती. प्यालेले पाणी उलटून पडते, जुलाब वाढल्यासारखे दिसतात, म्हणून आतड्याला विश्रांती द्यावी हा समज शिकलेल्या डॉक्टरांत आणि घरच्या वडीलधाऱ्यांत सारखाच पक्का होता.

पश्चिम किनाऱ्यावर अशा रोगाची नोंद फार जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादग्रंथात मोडशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच रोगाचे वर्णन केले असून, स्थानिक लोक रोग्याला मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात आणि पायांना डागण्या देतात असेही नमूद केले आहे. डागण्यांनी यातनांत भर पडण्याखेरीज काही साधले नसेल. पेजेचे महत्त्व मात्र शास्त्राला पटायला चार शतके लागली. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी देशभर फिरू लागल्या तेव्हा पंढरपूरसारख्या यात्रास्थळांकडे सरकारची नजर वळली, तर गावोगावी मरीआई या देवीची करुणा भाकून तिचा गाडा वेशीपलीकडे पोचवण्याची प्रथा रूढ झाली. या प्रथेला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याच काळात युरोपातील नामवंत डॉक्टर पटकीच्या रोग्याची शीर कापून रक्त काढीत होते आणि त्याला पाऱ्याचे रेचक देत होते. ज्याच्या शरीरातील द्रव आधीच आटला आहे त्याचा उरलासुरला द्रवही त्यामुळे जात होता.

योग्य दिशेचे पहिले पाऊल १८३१-३२ च्या ब्रिटनमधील साथीत पडले. पुढे कलकत्त्यात अध्यापक आणि भारतातील तारायंत्राचा प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासून त्यातील पाणी आणि क्षार घटलेले असतात असे दाखवले, आणि स्कॉटलंडमधील लीथ बंदरात टॉमस लॅटा याने १८३२ साली मिठाचे पाणी थेट शिरेत सोडून मरणोन्मुख रोग्यांना काही काळ उठवून बसवले. परंतु द्रव पुन्हा निघून जाई आणि तो वारंवार भरून काढावा लागतो हे पुरते ध्यानात आले नव्हते, निर्जंतुकतेची कल्पनाही नव्हती. लॅटा पुढच्याच वर्षी वारला आणि ही पद्धत मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्स याने कलकत्त्यात तिला नवे रूप दिले व मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. तथापि शिरेतून देण्याचे द्रावण निर्जंतुक असावे लागते, सुई, नळी आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि पटकी नेमकी तेथेच पसरते जेथे यांपैकी काहीच हाताशी नसते.

द्रव तोंडावाटे देण्याआड आणखी एक समजूत उभी होती. पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे एकोणिसाव्या शतकापासून मानले जाई, आणि अस्तरच नसेल तर प्यालेले पाणी शोषणार कोण, हा प्रश्न रास्त होता. ही समजूत दोन बाजूंनी ढासळली. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यातून असे सिद्ध केले की जंतू गाळून वेगळे केलेला, केवळ त्यांनी सोडलेले विष असलेला द्रव सशाच्या आतड्यात घातला तरी तेथे पाणी साठते. म्हणजे अपाय जंतूच्या शिरकावाने होत नसून त्याच्या विषाने होतो. डे यांच्या या शोधाला हयातीत मायदेशी जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही, ही भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे. त्याच सुमारास युजीन गँगारोसा या अमेरिकन डॉक्टराने बँकॉकमधील जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा अस्तर शाबूत आढळले. ते सोलून निघालेले दिसे ते मृत्यूनंतरच्या विघटनामुळे.

अस्तर शाबूत असताना पाणी बाहेर का वाहते, हे समजण्यासाठी पेशीच्या पटलाचा विचार करावा लागतो. हे पटल स्निग्ध पदार्थाच्या दुपदरी थराचे असते; त्यातून सोडियमसारखे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, किंवा साखरेचे रेणू सहजी जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी पटलात रुतलेल्या प्रथिनांच्या स्वतंत्र वाटा असतात. आतड्याच्या पेशीच्या रक्ताकडील बाजूला एक पंप असतो. तो ऊर्जा खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो, आणि त्यामुळे पेशीच्या आत सोडियमची कायम टंचाई राहते. या पंपाचा माग येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंच्या पटलावर लावला. पाणी स्वतःहून कोणतीच दिशा ठरवीत नाही. विरघळलेले पदार्थ जिकडे अधिक तिकडे ते ओढले जाते, आणि यालाच परासरण म्हणतात. पटकीचे विष पेशीत शिरून एक रासायनिक निरोप्या अतोनात वाढवते, त्यामुळे क्लोराइड आयनांच्या वाटा उघड्याच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जाते, त्यामागोमाग सोडियम जाते आणि या दोहोंमागे पाणी.

या चित्राचा उरलेला अर्धा भाग १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील एका परिषदेत पुढे आला. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने तेथे असे मांडले की ग्लुकोज आतड्याच्या पेशीत एकटे शिरत नाही. एकच वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेते आणि सोडियमच्या ओढीवर साखर आत येते. या सहवहनाचा पटकीशी काही संबंध असेल, असे क्रेनच्या मनातही तेव्हा नव्हते. पण पटकीचे विष या वाहकाला धक्का लावत नाही. म्हणून नुसते मिठाचे पाणी वाया जाते, मात्र त्यात ग्लुकोज मिसळले की सोडियम आत जाते आणि त्याच्यामागे पाणीही.

गंमत नव्हे, तर हळहळ वाटावी अशी गोष्ट ही की कलकत्त्यातील हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी प्रागच्या सात वर्षे आधी, १९५३ साली, मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण रोग्यांना पाजून यशस्वी उपचार केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते; मात्र त्यामागची उपपत्ती त्यांच्यापाशी नव्हती आणि वैद्यकविश्वाने तिकडे पाहिले नाही. मनिला येथे १९६२ साली झालेल्या एका प्रयत्नात द्रावण प्रमाणाबाहेर तीव्र ठरले व काही रोगी दगावले, त्यामुळे तोंडी उपचाराविषयीची धास्ती वाढली. अखेर १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेतर्फे, जेवढा द्रव बाहेर जातो तेवढाच मोजून पाजण्याचा नियम ठेवून, शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी करता येते हे दाखवले.

हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात घडले होते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छोट्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर ओळीने पडले, तेव्हा तेथे उपचार करणारे डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्यासमोर सलाईनचा साठा संपत आल्याचे संकट उभे राहिले. त्यांनी एका लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण कलकत्त्यात पुड्यांत भरून आणवले, पिपांत पाणी घेऊन ते विरघळवले आणि पेले नातेवाइकांच्या हाती दिले: आईने मुलाला, भावाने भावाला पाजायचे. शिबिरांतील मृत्युदर तेव्हा ३० टक्क्यांच्या आसपास होता. या उपचारकेंद्रात तो ३.६ टक्क्यांवर आला. महालनबीस यांचे खरे धाडस द्रावणात नव्हते, ते आधीच ठरलेले होते; अशिक्षित नातेवाईक हा उपचार बिनचूक करू शकतो हा विश्वास त्यांनी टाकला, हे त्यांचे धाडस.

त्या विश्वासावर शंका घेणारे पुष्कळ होते, परंतु १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसाराविरुद्धच्या मोहिमेत हाच उपचार केंद्रस्थानी ठेवला आणि महाराष्ट्रात तो जलसंजीवनी या नावाने दवाखान्यांतून व अंगणवाड्यांतून घराघरांत पोचला. तांदळाच्या पिठापासून केलेले द्रावणही पटकीत उत्तम काम करते, असे पुढे ढाक्यातील प्रयोगांत दिसून आले, कारण भातातील पिष्टाचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते आणि द्रावण एकदम तीव्र होत नाही. ऑर्ताने नोंदलेली पेज अशी शास्त्राच्या पंगतीला बसली. २००२ मध्ये मूळ सूत्रातील मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आले. बांगलादेशात तर १९८० ते १९९० या दशकात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन, तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप आयांना शिकवले. नंतर तपासनीस येऊन आईला द्रावण करायला सांगत, त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासत, आणि त्या आईला किती आठवते व ती किती अचूक करते यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरत असे.