एकजुटीची मुदत

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. संगणकाच्या इतिहासाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कारखान्याच्या दाराशी पडते तशीच एक कोंडी तेथेही पडली होती, आणि ती एकजुटीने फुटली.

संकेतस्थळे चालविणारी पीएचपी ही भाषा रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवली. तिची चौथी आवृत्ती २००० साली आली आणि पाचवी १३ जुलै २००४ रोजी. मोठे काम नीट बांधावयाचे तर पाचवी कितीतरी सरस होती. तरीही तीन वर्षांनंतर असंख्य सर्व्हर चौथीवरच अडून होते.

याला केवळ आळस कारण नव्हता. भाड्याचा सर्व्हर म्हणजे एक चाळच! शेकडो बिऱ्हाडे, पण पाण्याचा नळ सामाईक. मालकाने नळ बदलला की कोणाचे तरी जुने संकेतस्थळ बंद पडावयाचे आणि ओरड त्याच्या दाराशी यावयाची. म्हणून तो म्हणे, पाचवी मागतो कोण? प्रोग्राम लिहिणारे म्हणत, सर्व्हरच चौथीचे, तर पाचवीचे लिहून चालवावे कोठे? एकट्याने पाचवीचा आग्रह धरावा, तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाई. एकट्याच्या संपाचे काय होते, हे आम्हांस ठाऊक आहे.

२००७ साली ड्रूपल, पीएचपीमायअ‍ॅडमिन इत्यादी अनेक मुक्त प्रकल्प 'गो पीएचपी ५' या नावाखाली एकत्र आले. ५ फेब्रुवारी २००८ पासून आमच्या नव्या आवृत्त्यांना किमान पीएचपी ५.२ लागेल, असे त्यांनी आगाऊ जाहीर केले. सर्व्हरवाल्यांनाही सामील होण्याचे आवाहन केले. त्याच जुलैत खुद्द पीएचपीच्या मंडळींनी चौथीची देखभाल वर्षअखेर थांबविण्याचे ठरविले. सुरक्षिततेच्या निकडीच्या दुरुस्त्या तेवढ्या ८ ऑगस्ट २००८ पर्यंत मिळणार होत्या. आता मालकाला मागणी दिसली, लिहिणाऱ्याला जागा दिसली.

सारेच त्या तारखेला आले नाहीत. वर्डप्रेसने चौथीची साथ २०११ च्या जुलैत सोडली. त्यांना फितूर म्हणण्याचे आम्हांस धाडस होत नाही. जुन्या नळावरच्या बिऱ्हाडांचीही काळजी कोणीतरी वाहावयास हवी होती.

पुढे पाचवीही म्हातारी झाली. तिच्या शेवटच्या ५.६ या आवृत्तीची देखभाल २०१८ अखेर संपली. अशा कोंड्या पुन्हा पडतील. तेव्हा आधी सांगितलेली आणि अनेकांनी मिळून पाळलेली मुदतच उपयोगी पडेल.