मागे घेतलेला दावा



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपले वाडवडील सांगत आले. पण चढलेली पायरी उतरावी कशी, हे फारसे कुणी सांगत नाही. दावा मागे घेतला की भांडण तेवढ्यापुरते थांबले, वाटेल तेव्हा पुन्हा लावू, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीपायी माणूस जमिनीवरचा हक्क गमावून बसू शकतो.

याबाबतचा नियम जुना आहे. १८५९ च्या दिवाणी कायद्यातच तो आला. कोर्टाची परवानगी घेऊन दावा मागे घेतला, तर त्याच बाबीवर नवा दावा लावता येई; परवानगीवाचून घेतला, तर दार बंद.

मग कोर्टाने अशी मोकळीक वाटेल तेव्हा द्यावी काय? वॉटसन कंपनी विरुद्ध राजशाहीचा कलेक्टर या बंगालमधल्या खटल्यात १८६९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने याचा विचार केला. पक्षकार चुकीचे जोडले, दस्तऐवजाला पुरेसा स्टॅम्प नाही, दाव्याची किंमत चुकली, असे दोष दाव्याच्या रूपातले असतात; तिथे पुन्हा संधी देणे योग्य. पण पुरावा देण्याची वेळ आली असता जो तो देऊ शकला नाही, त्याला दुसरा डाव नाही. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, तेविसाव्या आदेशात, हा नियम आला. रूपातल्या दोषाखेरीज ‘इतर पुरेशी कारणे’ही त्यात आहेत.

आता आपल्या मुलखाकडे या. बीडजवळचे पाली गाव घ्या. हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे कायदे वेगळे होते. १९०८ ची संहिता इथे लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून. समजा, पालीच्या एका शेतकऱ्याने जमिनीसाठी सरकारवर बीडच्या कोर्टात दावा लावला, पण आधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची राहिली. हा रूपातला दोष झाला. त्याने परवानगी मागून दावा मागे घ्यावा आणि नोटीस देऊन पुन्हा लावावा. पण साक्षीदार फुटले म्हणून परवानगी मागितली, तर ती मिळणे कठीण. कारण समोरच्यालाही न्याय हवा असतो. त्याने किती वेळा बीडच्या खेपा घालाव्यात?

खालच्या कोर्टाने हा अधिकार चुकीचा वापरला, तर दाद हायकोर्टाकडे. पालीकरांसाठी ते आधी हैदराबादला होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबईला गेले. ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ बसू लागले. गावकऱ्याची वाट तेवढी जवळ आली.

हायकोर्ट तिथे जमीन कुणाची हे पाहत नाही, बरे का! खालचे कोर्ट आपल्या अधिकाराच्या हद्दीत वागले की नाही, एवढेच ते पाहते. यालाच रिव्हिजन म्हणतात. १ जुलै २००२ पासून रिव्हिजनची वाट बरीच अरुंद झाली. दाव्यातल्या मधल्या हुकमांविरुद्ध आता बहुधा संविधानाच्या २२७ व्या अनुच्छेदाखाली जावे लागते.

हा लगाम वरच्या कोर्टांनाही आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका हायकोर्टाने दुसऱ्या अपिलात दिलेली अशी परवानगीच रद्द केली. खालच्या कोर्टांतून प्रतिवादीच्या पदरात जे पडले, ते सहजासहजी काढून घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. परवानगी मिळाली तरी मुदत थांबत नाही. पहिला दावा जणू लावलाच नव्हता, असे धरून मुदत मोजतात. मालकी हक्काने जमिनीचा ताबा मागायला १९६३ च्या कायद्याने बारा वर्षे दिली आहेत. त्यातली दहा पहिल्या दाव्यात गेली, तर हाती उरली दोनच.

तेव्हा मंडळी, दावा मागे घेण्याच्या अर्जावर सही वा अंगठा करण्यापूर्वी तो गावातल्या गुरुजींकडून वाचून घ्या. ‘नवा दावा लावण्याच्या परवानगीसह’ हे शब्द त्यात आहेत का, आणि कोर्टाच्या हुकमातही ते उतरले आहेत का, हे वकिलांना विचारा. पायरी उतरताना खाली पाहावे लागते, ते यासाठीच.