परकोटाचा चुना आणि आजचे काँक्रीट

गोंड राजांनी चंद्रपूरभोवती उभारलेला दगडी परकोट जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या चार दरवाजांसह आजही उभा आहे. मे 1818 मध्ये कर्नल ॲडम्सच्या तोफांनी त्याला खिंडार पाडले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. इरई-झरपटच्या पाण्याशी त्याची गाठ मात्र दर पावसाळ्यात पडते.

त्या काळी दगड सांधायला चुना वापरीत. निव्वळ चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, तेथे तो वर्षानुवर्षे कच्चा राहतो. म्हणून ओलीच्या जागी गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, मिसळत. सुरखीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि मिश्रण पाण्यातही घट्ट होते. आजच्या पोझोलाना सिमेंटमध्ये हेच काम कोळशाची राख करते. औष्णिक वीज केंद्राच्या चंद्रपुरात तिला काय तोटा!

मातीचा भार पेलणारी नवी सळईची भिंत बांधायची, तर आयएस 456 प्रमाणे किमान एम 25 काँक्रीट हवे आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नको. मागचे पाणी काढून देणारी छिद्रे नसतील, तर तेही अपुरे.

जुन्या तटाला मात्र सिमेंट घातकच. सिमेंटने भरलेल्या दरजांतून ओल बाहेर पडत नाही; ती दगडातून वाट काढते, क्षार साचतात, पापुद्रे सुटतात. डागडुजीचा सांधा दगडाहून मऊच असावा, म्हणजे झीज सांध्याची होते. परकोटावर कोठे राखाडी दरज दिसली, तर शेजारचा दगड निरखून पाहा.