गेममध्ये मिळाली, शोरूममध्ये कधीच नाही: रेसिंग गेममधल्या गाड्या नेमक्या कशा ठरतात?

फोर्झा, ग्रॅन टुरिस्मो, असेटो कोर्सा यांपैकी कोणताही गेम उघडा, गाड्यांची भलीमोठी यादी समोर येते. फेरारी असते, पोर्शे असते, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी गाड्याही असतात. पण फैजपूर-सावदा रस्त्यावर दिवसभर दिसणारी बोलेरो, केळी भरून निघालेला टाटाचा ट्रक किंवा एसटीची लाल बस त्यात सापडत नाही.

असं का होतं? गेममध्ये कोणती गाडी घ्यायची हे कोण ठरवतं? ती गाडी 'खरी' वाटावी म्हणून काय केलं जातं? आणि पैसे मोजून घेतलेली गेममधली गाडी खरंच आपली असते का? समजून घेऊया.

एक भारतीय गाडी फोर्झात पोहोचली होती

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा मोटर शोमध्ये टाटा मोटर्सने 'रेसमो' नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार दाखवली. त्यासाठी कंपनीने 'टॅमो' हा वेगळा ब्रँड सुरू केला होता. मुख्यालय मुंबईत आणि मोठा कारखाना पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला असलेल्या या कंपनीची तोपर्यंतची ओळख ट्रक, इंडिका आणि नॅनो अशी होती. त्यामुळे रेसमोची चर्चा झाली.

गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे साधारण मधोमध होतं. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएस ताकद, सहा गिअर आणि शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा होता.

या अनावरणाचा दुसरा भाग गेमर्ससाठी होता. मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन ३' या गेममध्येही रेसमो चालवता येईल, असं जाहीर झालं. फोर्झा मालिकेत आलेली ही पहिली भारतीय गाडी. शोरूममध्ये न गेलेल्या तरुणाच्या हातात आधी गेममधून गाडी द्यायची, हा त्यामागचा विचार.

पुढे झालं उलटंच. रेसमो बाजारात कधीच आली नाही. ज्यांनी ती चालवली, त्यांतल्या बहुतेकांनी कंट्रोलर हातात धरूनच चालवली. आणि २७ सप्टेंबर २०२० रोजी, प्रकाशनाला बरोबर चार वर्षं झाल्यावर, 'फोर्झा होरायझन ३' हा गेमच डिजिटल विक्रीतून काढला गेला. त्याआधी घेतलेल्यांना तो खेळता येतो, पण नव्या माणसाला ऑनलाइन दुकानात तो मिळत नाही.

रेसिंग गेममधल्या गाड्यांचं सगळं गणित या एका गाडीच्या गोष्टीत सापडतं.

गाड्यांची निवड कशी होते?

पहिली अट परवानगीची. गाडीचं नाव, लोगो आणि आकार यांवर कंपनीचा हक्क असतो. त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना प्रत्येक कंपनीशी करार करावा लागतो, म्हणजेच लायसन्स घ्यावं लागतं. याचं प्रसिद्ध उदाहरण पोर्शे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीकडे पोर्शेचे गेमसाठीचे खास हक्क २०१६ पर्यंत होते. म्हणून त्या काळात अनेक गेममध्ये पोर्शेऐवजी 'रूफ' या जर्मन कंपनीच्या गाड्या दिसायच्या. रूफ पोर्शेच्या सांगाड्यावरच गाड्या तयार करते, पण जर्मनीत तिची नोंद स्वतंत्र उत्पादक म्हणून आहे.

कंपनीला स्वतःची प्रतिमाही जपायची असते. २०१९ च्या 'नीड फॉर स्पीड हीट'मध्ये टोयोटाची एकही गाडी नव्हती. पोलिसांना चकवत शहरात शर्यत लावणाऱ्या गेममध्ये आपली गाडी दिसावी की नाही, हे शेवटी कंपनी ठरवते. गेममध्ये गाडी आपटल्यावर किती चेपलेली दाखवायची, यावरही कंपन्यांच्या अटी असू शकतात.

दुसरी गोष्ट विविधतेची. सगळ्याच गाड्या ३०० किलोमीटर वेगाच्या असतील तर नवा खेळाडू पहिल्याच वळणावर बाहेर जाईल. म्हणून यादीत साध्या, स्वस्त, कमी ताकदीच्या गाड्याही लागतात. सुरुवात छोट्या गाडीने करायची, शर्यती जिंकून पैसे मिळवायचे आणि मोठी गाडी घ्यायची, ही रचना १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या 'ग्रॅन टुरिस्मो'ने लोकप्रिय केली.

तिसरी गोष्ट ग्राहकाची. गेम जिथे जास्त विकला जातो, तिथल्या लोकांच्या आठवणीतल्या गाड्या आधी येतात. अमेरिका, युरोप आणि जपान या मोठ्या बाजारपेठा. त्यामुळे मस्टँग, गोल्फ आणि स्कायलाइन जवळपास ठरलेल्या. भारतात मोबाइल गेम प्रचंड खेळले जातात, पण महागडे कन्सोल आणि पीसी गेम विकत घेणारे त्या मानाने थोडे. मारुती ८०० किंवा बोलेरो यादीत नसण्याचं हे एक मोठं कारण.

हजार गाड्या चांगल्या की दोनशे?

'ग्रॅन टुरिस्मो ५' २०१० मध्ये आला तेव्हा त्यात हजाराहून जास्त गाड्या असल्याची मोठी जाहिरात झाली. पण त्यांतल्या साधारण दोनशेच 'प्रीमियम' होत्या. म्हणजे आतला डॅशबोर्ड, शिलाई, बटणं असं सगळं बारकाईने केलेलं. उरलेल्या सुमारे आठशे 'स्टँडर्ड' गाड्या जुन्या गेममधून उचललेल्या होत्या. खेळाडूंना हा फरक लगेच जाणवला आणि टीकाही झाली.

मालिकेचे निर्माते काझुनोरी यामाउची यांनी सांगितल्यानुसार, इतक्या बारकाईने एक गाडी पूर्ण करायला एका मॉडेलरला साधारण सहा महिने लागतात. म्हणूनच २०१७ चा 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट' दोनशेपेक्षा कमी गाड्या घेऊन आला. आकडा घटला, पण सगळ्या गाड्या एकाच दर्जाच्या होत्या.

या कामात भारताचाही वाटा आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये बेंगळुरूत सुरू केलेल्या 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' या स्टुडिओने फोर्झा मालिकेसाठी काम केलं. भारतीय गाड्या गेममध्ये फारशा दिसल्या नाहीत, तरी गेम घडवणारे भारतीय हात होते.

गाडी 'खरी' कशी वाटते?

चित्र कितीही सुंदर असलं तरी खरेपणा येतो तो गणितातून. गेममध्ये प्रत्येक गाडीची माहिती भरलेली असते: वजन किती, पुढच्या आणि मागच्या चाकांवर ते कसं विभागलंय, इंजिन कोणत्या आरपीएमला किती जोर देतं, गिअरचं प्रमाण काय, सस्पेन्शन किती कडक. सेकंदाच्या छोट्या-छोट्या भागात गेम हे गणित पुन्हा पुन्हा मांडत असतो.

सगळ्यात अवघड भाग टायरचा. रस्त्याला टेकतो तो टायरचा तळहाताएवढाच भाग. ब्रेक, वळण आणि वेग, सगळं त्यावर अवलंबून. टायर थंड असेल तर पकड कमी, जास्त तापला तरी कमी. हे जितकं नेमकं जमेल तितका गेम खऱ्याच्या जवळ जातो. इटलीतल्या कुनोस सिम्युलात्सिओनी या छोट्या कंपनीच्या 'असेटो कोर्सा'ने याच बळावर नाव कमावलं.

रेसमोसारख्या मधोमध इंजिन असलेल्या गाडीत वजन मध्यभागी एकवटतं, म्हणून ती पटकन वळते. पण वळणावर अचानक अॅक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू सुटण्याची भीती असते. हा स्वभाव गेममध्ये उतरला नाही, तर ती गाडी फक्त वेगळ्या रंगाचं खोकं ठरेल.

छोटी गाडी मोठीशी कशी भिडते?

यासाठी गुणांकन असतं. फोर्झामध्ये प्रत्येक गाडीला 'परफॉर्मन्स इंडेक्स' मिळतो आणि त्यावरून तिचा वर्ग ठरतो. ग्रॅन टुरिस्मोमध्ये हेच काम 'पीपी' म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट करतात. टर्बो बसवला, टायर बदलले की आकडा वाढतो. कुस्तीत जसे वजनी गट, तसंच हे.

खेळाडूंमधला फरक भरून काढायला मदतीची फीचर्स असतात. रस्त्यावर रंगीत रेष दिसते आणि ती लाल झाली की ब्रेक दाबायचा. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू-बंद करता येतात. चूक झाली तर फोर्झात 'रिवाइंड' दाबून काही सेकंद मागेही जाता येतं. नवख्याला ही फीचर्स हवीहवीशी वाटतात, तर मुरलेला खेळाडू एकेक बंद करत जातो. दोघांनाही एकाच गेममध्ये सामावून घेणं, हे डिझायनरचं खरं कसब.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. गेमने वळणाची रेषा आणि ब्रेकची जागा समजते. पण समोरून येणारा बिनदिव्याचा ट्रॅक्टर, मध्येच येणारी गुरं आणि खड्डा गेममध्ये नसतो. रिवाइंडचं बटण रस्त्यावर नसतं.

घेतलेली गाडी आपली असते का?

बहुतेक वेळा नाही. आपण विकत घेतो तो वापरण्याचा परवाना. गेम कंपनीचे कार कंपन्यांशी झालेले करारही ठरावीक मुदतीचे असतात. ते संपले की गेम विक्रीतून काढला जातो. 'फोर्झा मोटरस्पोर्ट ७' सप्टेंबर २०२१ मध्ये आणि 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये असाच दुकानातून गेला.

ट्रॅकचंही तेच. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्या तीन वर्षांच्या अधिकृत एफ-वन गेममध्ये हा ट्रॅक होता. शर्यत थांबली आणि पुढच्या गेममधून ट्रॅकही गेला.

सगळ्यात मोठा धक्का युबिसॉफ्टच्या 'द क्रू'ने दिला. २०१४ चा हा गेम चालायला सर्व्हरशी जोडलेला असावा लागायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम उघडेनासा झाला. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल विक्रेत्याला 'तुम्ही मालकी नाही, परवाना घेताय' हे स्पष्ट सांगावं लागतं.

गेमच्या आतल्या पैशांवरूनही वाद होतात. 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये मार्च २०२२ च्या एका अपडेटनंतर काही शर्यतींचं बक्षीस घटलं. म्हणजे महागडी गाडी घ्यायची तर तासन्‌तास खेळा, नाहीतर खिशातले खरे पैसे मोजा. खेळाडू भडकले. शेवटी यामाउची यांनी माफी मागितली, खेळाडूंना दहा लाख क्रेडिट दिले आणि बक्षिसं वाढवली.

मग बोलेरो आणि एसटी कुठे चालवायची?

जिथे खेळाडूंना स्वतः गाडी बनवून टाकता येते, तिथे. अशा गाड्यांना 'मॉड' म्हणतात. इंडोनेशियातल्या मालेओ कंपनीच्या 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' या मोबाइल गेममध्ये ही सोय आहे. म्हणूनच त्यात लाल एसटी आणि भारतीय ट्रक सर्रास दिसतात. पीसीवर 'असेटो कोर्सा' आणि 'युरो ट्रक सिम्युलेटर २'साठीही भारतीय गाड्यांचे मॉड मिळतात. मात्र ते कंपनीने तपासलेले नसतात. दर्जा कमी-जास्त असतो आणि अनोळखी साइटवरच्या फाइलमधून व्हायरस येण्याचा धोकाही असतो.

गेम घेण्याआधी हे तपासा

- गेम विक्रीतून काढण्याची तारीख जाहीर झालीये का? शेवटच्या दिवसांत मोठी सूट मिळते, पण त्यानंतर नव्या गाड्या घेता येणार नाहीत.
- इंटरनेटशिवाय किती भाग चालतो? 'ग्रॅन टुरिस्मो ७'चा बराचसा भाग ऑनलाइन असल्याशिवाय चालत नाही.
- किमतीत किती गाड्या मिळतात आणि किती वेगळ्या घ्याव्या लागतात?
- मोबाइल गेम असेल तर खरेदीला पासवर्ड लावलाय का? घरातल्या लहानग्याच्या एका टचने पैसे कापले जाऊ शकतात.
- एकूण आकड्यापेक्षा, आपल्याला आवडणाऱ्या दहा गाड्या यादीत आहेत का? बहुतेक खेळाडू शेवटी त्याच दहा गाड्या पुन्हा पुन्हा चालवतात.