कातडी किती कापावी?



लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात एक गाठ जपून ठेवलेली आहे. जॉन हंटर या थोर शस्त्रवैद्याने १७८७ साली ती एका गृहस्थाच्या जबड्यामागून काढली. त्या रोगाला तेव्हा नावही नव्हते. ती गाठ मेलॅनोमाची होती, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरायला १९६८ साल उजाडावे लागले.

मेलॅनोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. प्रारंभी तो साध्या तिळासारखा दिसतो. तो कापून काढावा याविषयी फारसा वाद नव्हता. प्रश्न होता, भोवतालची निरोगी कातडी किती काढावी हा. १९०७ साली सॅम्पसन हँडली यांनी त्याचे उत्तर दिले, आणि तेही हंटर यांच्याच नावाने चालणाऱ्या व्याख्यानांत. (स्मृतिव्याख्यानाच्या वक्त्याने येथे जरा सावध व्हावे!) रोग लसीकावाहिन्यांतून चोहीकडे पसरत जातो, हे त्यांचे प्रतिपादन, आधार मात्र एका स्त्रीच्या शवविच्छेदनाचा. त्यांनी स्वतः सुमारे एक इंच कातडी आणि तिच्याखालची दोन इंच चरबी काढण्यास सांगितले होते. पुढे कातडीलाही मोठेच माप लागले आणि चोहो बाजूंनी पाच सेंटिमीटर हा दंडक होऊन बसला. मसुराएवढ्या डागासाठी बशीएवढी जखम! ती टाक्यांनी मिटत नसे. मांडीची कातडी सोलून तेथे बसवावी लागे, आणि पोटरीला कायमचा खळगा राही. मला यात क्रौर्य दिसत नाही, भय दिसते. रोग उलटला तर कमी कापल्याचा ठपका यायचा. जास्त कापल्याबद्दल जाब कोण विचारणार?

हा दंडक ढळला तो एका साध्या मोजमापाने. १९७० साली अमेरिकेतील अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ९८ रुग्णांच्या गाठींची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. ०.७६ मिलिमीटरहून पातळ गाठ असलेल्यांत रोग पसरलेला आढळला नाही. म्हणजे रुग्णाचे भवितव्य डागाच्या खोलीवर अवलंबून होते. मग मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी दोन मिलिमीटरपर्यंतच्या गाठी असलेले सहाशेंवर रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटात एक सेंटिमीटर कातडी काढली, दुसऱ्यात तीन वा अधिक. १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जगण्या-मरण्यात फरक नव्हता.

आज संशयास्पद डाग आधी एक-दोन मिलिमीटरची कड ठेवून समूळ काढतात, त्याची जाडी मोजतात, आणि मगच पुन्हा कापतात. एक मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला एक सेंटिमीटर, दोनहून जाड असल्यास दोन.

आपल्याकडे हा रोग विरळा. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली होतो, जेथे कोणी तीळ शोधत नाही. भोवऱ्या समजून ब्लेडने तासण्याची जागाही नेमकी तीच. तेथला काळा डाग पसरू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, वा नखातली काळी रेघ रुंदावून मुळाशी कातडीत उतरली, तर ब्लेड खाली ठेवून सर्जनकडे जावे.